आठ आण्यांत तीन लाइफ

(दृश्य : खडे बाजार, संध्याकाळची गर्दी. कॅमेरा कन्नड, मराठी, इंग्रजी पाट्यांवरून सरकत जातो.)

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बेळगावात व्हिडिओ गेमचं दुकान शोधायला पाटी लागत नव्हती. दारावर जाड पडदा, आत अंधार आणि बाहेर एकमेकींवर रेललेल्या सायकली. आत लाकडी कपाटं उभी. प्रत्येकात एक पिक्चर ट्यूब, एक दांडी, दोन-तीन बटणं. खेळणारा एक आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघणारे सहा-सात.

"उडी मार की लेका, उडी!" एक जण ओरडायचा. दुसरा त्याच्याही वर कन्नडातून, "होडी, होडी!" म्हणजे मार, मार. मराठी शाळेची पोरं, कन्नड शाळेची पोरं, कॅम्पातली उर्दू बोलणारी पोरं, सगळी एकाच दांडीला चिकटलेली. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, क्वचित जपानी. ती वाचायला कुणालाच सवड नव्हती.

दुकानदार आठ आणे घ्यायचा आणि तीन लाइफ द्यायचा. त्या तीन लाइफ किती वेळ पुरवायच्या, याचीच ती सगळी झुंज होती. नाणं लवकर संपलं तर दुकानदाराचा फायदा, टिकलं तर पोराचा. खेळ बनवणारे जपानी कारागीर हे पक्कं ओळखून होते. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले जोरात धावू लागतात. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी तसं आधी ठरवलं नव्हतं. आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरचं काम लवकर उरकायचं, म्हणून वेग वाढायचा. खेळाला त्यातून धार येते हे पाहून त्यांनी ते तसंच ठेवलं.

(दृश्य : कपाटाची मागची फळी काढलेली. धूळ, तारांचा जुडगा, हिरवा बोर्ड.)

खरा खेळ कपाटाच्या पाठीमागं असायचा. हा एवढा एक सर्किट बोर्ड. १९८५ साली जपानी उत्पादकांच्या जॅमा या संघटनेनं सगळ्यांसाठी एकच जोडणी ठरवली. छप्पन्न टोकांचा एक कनेक्टर, वीज, चित्र, आवाज, दांडी, बटणं सगळं त्यातूनच. त्यामुळं कपाट तेच ठेवायचं आणि बोर्ड तेवढा बदलायचा. काल ज्या कपाटात विमानं पाडली, तिथं आज 'डबल ड्रॅगन'मधले दोघे भाऊ गुद्दे हाणताना दिसायचे. निपाणी-चिकोडीसारख्या गावांपर्यंत नवे खेळ पोचू शकले, याचं मोठं श्रेय मी या छप्पन्न टोकांना देतो. अख्खं कपाट हलवायचं तर टेंपो लागतो. बोर्ड पेपरात गुंडाळला, पिशवीत घातला की एसटीनं येतो.

आता बोर्डाचा हा कोपरा बघा. नखाएवढ्या खटक्यांची एक पट्टी. हे डिप स्विच. एका नाण्याला किती लाइफ, शत्रू किती चपळ, किती गुणांवर जादा लाइफ, हे सगळं इथं ठरतं. पेनाच्या टोकानं एखाद-दुसरा खटका सरकवला की काल तीन लाइफ देणारा खेळ आज दोनच देतो. बाहेर उभ्या पोराला मात्र वाटायचं, आज आपला हातच बसेना.

आणि नाव लागायचं ते वेगळंच सुख. गुण जास्त झाले की यादीत तीन इंग्रजी अक्षरं टाकता यायची. पण त्या काळच्या बऱ्याच बोर्डांत ही यादी वीज असेपर्यंतच टिके. आमच्याकडं करंट जायचा. परत आला की वरती कंपनीनं भरलेली नावं, आणि पोरांचा राजा पुन्हा रांगेत.

(दृश्य : शहापुरातलं जुनं घर. लाकडी दारांचा टीव्ही, खाली चटई.)

घरच्या खेळाचं गणित निराळं. निंटेंडो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा डबा, जपानात १५ जुलै १९८३ रोजी आला. पुढं तैवानी कारखान्यांनी त्याच्या चिपांच्या नकला काढल्या, आणि त्यांवर चालणारे स्वस्त डबे आपल्याकडच्या घरांत शिरले. टीव्हीच्या पाठीमागची अँटेनाची वायर काढायची, डब्याची लावायची आणि चॅनेल जुळवत बसायचं. आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांत काहीतरी हलतंय. मग मारिओ!

१९८५चा तो अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' चाळीस किलोबाइटचा. मोबाइलवरच्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास सहज मावतील. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांना एकच आकृती वापरली, फक्त रंग बदलला. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही काटकसर बघून मला आजही त्यांच्याबद्दल प्रेम दाटून येतं.

डब्यात खोचायची खेळाची कॅसेट लागली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारायचे. चालायची ती काढून परत नीट बसवल्यामुळं. फुंकरीतल्या ओलीनं तिच्या जोडणीच्या पट्ट्या उलट गंजतात. शाळेचं खोडरबर हलक्या हातानं घासणं, हा खरा इलाज. बदकं मारायच्या खेळातल्या बंदुकीतूनही काही सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो उजेड दिसला का हे बंदूक तपासते. आजच्या एलसीडी टीव्हीवर तो चौकोन किंचित उशिरा उमटतो, म्हणून ती चालत नाही.

'कॉन्ट्रा' १९८७ साली दुकानातल्या कपाटांसाठी निघाला, दुसऱ्या वर्षी घरात आला. घरी त्याच्या तीस लाइफ मिळवायची युक्ती होती. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःचाच 'ग्रेडियस' हा खेळ तपासताना झेपेना, म्हणून १९८६ साली त्यांनी बटणांचा एक क्रम आत ठेवला होता; तोच इथं चालायचा. गल्लीतल्या वह्यांच्या मागच्या पानावर तो असा लिहिलेला असे : व व खा खा डा उ डा उ, बी, ए.

तीस लाइफ मिळाल्या तसे बघणारे पांगले, हे मला मनापासून वाटतं. आठ आण्यांच्या तीन लाइफना सगळ्यांचे डोळे लागायचे. पुढच्या वळणावर कोण दबा धरून बसलंय, हे पाठीमागचा कुणीतरी आधी मेलेला असल्यामुळंच कळायचं.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. जुन्या खेळाची सुरुवात.)

ती कपाटं भंगारात गेली. बोर्डांमधला मजकूर मात्र जगभरच्या हौशी लोकांनी उतरवून ठेवला. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं १९९७ साली सुरू केलेल्या मेम या प्रोग्रामवर ते खेळ चालतात. त्यात पाचचा आकडा दाबला की नाणं पडतं, हवी तेवढी. पण मेनूत जुने डिप स्विचही जसेच्या तसे आहेत. लाइफ तीनवर ठेवा, पाच एकदाच दाबा आणि पाठीमागं दोघा-तिघांना उभं करा.