पेवातलं ऊन

श्रोतेहो, नमस्कार.

मी काही व्यवसायानं फोटोग्राफर नाही. बँकेत कारकून होतो, आता निवृत्त आहे. रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून सांगली-साताऱ्याच्या वाटा तुडवायच्या, हा माझा चाळीस वर्षांचा नाद. या नादात काढलेल्या दोन-तीन आवडत्या फोटोंबद्दल बोला, असं मला सांगितलंय. बोलतो.

पहिला फोटो 2019 च्या पुरातला. सांगलीतला आपला आयर्विन पूल सगळ्यांना ठाऊक आहे. 1929 सालचा, दगडी कमानींचा. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तिथं 57 फुटांच्या वर गेलं. मी एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून पुलाचा फोटो काढला. त्यात कमानी दिसतच नाहीत. लालसर पाणी आणि त्यावर टेकवून ठेवल्यासारखा दिसणारा कठडा, एवढंच. मोबाइलवरच काढलाय. ढगाळ हवा, सपाट उजेड, त्यामुळे कसरत काही नव्हती. फोन गच्चीच्या कठड्यावर टेकवला, म्हणजे हात हलत नाही. एक मात्र सांगतो, विषय सोडून असलं तरी. त्या आठवड्यात लोक बोटीतून उतरणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो काढून पाठवत होते. डोक्यावर गाठोडं, अंगावर भिजलेलं लुगडं, आणि समोर पाच-सहा मोबाइल. नदीचा फोटो काढा की! माणसाला आधी हात द्यावा.

असो. मला खरं सांगायचंय ते पेवाबद्दल.

सांगलीशेजारच्या हरिपूरची पेवं आपल्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलेली असतील. तरुण मंडळींसाठी दोन वाक्यांत सांगतो. हळद साठवायची जमिनीतली कोठारं ती. वर तोंड अरुंद, आत घागरीसारखं पोट, खोली वीस-पंचवीस फूट. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

तर गोष्ट 1994 ची. माझ्याकडे जुना घेतलेला पेन्टॅक्स के-थाउजंड होता. सगळं हातानं लावायचं. बॅटरी लागायची ती फक्त आतला उजेड मोजणारा काटा हलायला. एका रविवारी हरिपूरच्या संगमावर गेलो होतो, परतताना पेवावर काम चाललेलं दिसलं. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. म्हणून काही तास तोंड उघडं ठेवतात आणि मग दोरीनं कंदील खाली सोडतात. तिथल्या जाणत्या हमालाला सगळे आण्णा म्हणायचे. मी वाकून बघायला लागलो तसे ते ओरडले, "ओ फोटोवाले, मागं सरा. कंदील इजला तर मी बी उतरणार न्हाई आन् तुम्ही बी उतरायचं न्हाई!"

मग तंबाखू मळता मळता आण्णा सहज बोलून गेले, की वैशाखात चार-सहा दिवस असे येतात, की भर दुपारी ऊन सरळ पेवाच्या तळाला लागतं. एरवी नाही. मी घरी येऊन कॅलेंडर घेऊन बसलो. बरोबर होतं त्यांचं! मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सूर्य सांगलीच्या अगदी डोक्यावर येतो. साधारण साडेबाराला काठी उभी केली तर तिची सावली पडत नाही. आता त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, शाळेत मुलांना दाखवतात. आण्णांना ते पेवात उतरून उतरून माहीत होतं.

सात मेला रजा टाकली. साहेबांना कारण सांगितलं पोटदुखी. मित्राची अठ्ठावीसची लेन्स मागून घेतली, म्हणजे जवळूनही जास्त भाग मावतो. बाराला पेवाच्या तोंडाशी पालथा पडलो. बरोबर ऊन आत उतरायला लागलं. आणि कॅमेऱ्यातून बघतो, तर तळाला काळा गोळा. माझंच डोकं! वरून वाकलो की माझीच सावली आत पडणार, हे डोक्यात आलंच नव्हतं.

"मग खाली या," आण्णा आतून म्हणाले.

दोरीनं सोडलं मला. खाली उकाडा, नाकात हळद, डोळ्यांत हळद. पण समोर काय होतं! चहूकडे काळोख आणि मधोमध उन्हाचा खांब उभा. आण्णा पाटीनं हळद पोत्यात भरत होते. पाटी उलटी केली की धूळ उडायची आणि खांब पिवळाधमक व्हायचा. ते ऊन तळाला टिकणार वीसेक मिनिटं. मी काट्याकडे बघितलं. काटा म्हणाला अंधार आहे, लेन्स पूर्ण उघड, शटर एक पंधरांश सेकंद ठेव. मी ऐकलं. खटाखट नऊ फोटो काढले.

आण्णा पोतं सरळ करत म्हणाले, "एवढा येळ काय बघताय त्या काट्यात?"

म्हटलं, "आण्णा, अंधार फार आहे."

"अंधार कुठला? ऊन तेच की हो! खाली उतरल्यावर बारीक झालं का काय?"

श्रोतेहो, मी हातातला कॅमेरा खाली घेतला. ऊन तेच! वर पटांगणात जे ऊन, तेच इथं आण्णांच्या खांद्यावर. माझा काटा मोजत होता भोवतीच्या काळ्या भिंती. त्याला काय ठाऊक मला भिंत हवीय का आण्णा? कडक उन्हाचं गणित तर फिल्मच्या डबीवर छापलेलं असायचं. शंभराची फिल्म असेल तर शटर एकशे पंचविसावर, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग, आणि लेन्सचं छिद्र सोळावर. आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक. मला पाठ होतं ते! रोलमध्ये तीन फोटो उरले होते. दोन सोळावर काढले. धूळ अंगापेक्षा मंद चमकते, म्हणून शेवटचा आठावर. पाटी उलटी झाली, मी बटण दाबलं, आणि खांब भिंतीकडे सरकायला लागला.

रोल धुऊन आला तेव्हा पहिल्या नऊ फोटोंत पांढरं भगदाड होतं. शेवटच्यात आण्णा आहेत.

मोठा करून त्यांना नेऊन दिला. सोबत पाव किलो भडंग. त्यांनी भडंग आधी उघडला. मग फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यात मी कुठं हाय? नुसता उजेडच दिसतोय की." तरी फोटो नीट कागदात गुंडाळून ठेवला हं. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. माझ्याकडे फोटोची निगेटिव्ह आहे, ती कपाटात डांबराच्या गोळ्यांपासून लांब ठेवलीय. तुमचेही फोटो कागदावर काढून ठेवा बरं का. फोनमधले चार हजार फोटो फोनबरोबर पाण्यात जातात. आमच्या पुतण्याचं अख्खं लग्न असं गेलं. मला विचाराल तर त्यात फारसं काही गेलं नाही, सगळ्या फोटोंत दोघं एकाच झाडाला टेकून उभी होती.

तर काट्याचं पुन्हा सांगतो, कारण हे मोबाइललाही लागू आहे. काळोख जास्त असला की यंत्र फसतं आणि उजेडातला माणूस पांढराफटक करतं. मोबाइलवर त्या माणसाच्या तोंडावर बोट टेकवा आणि मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. भिंत काळी झाली तर होऊ दे. ऊन कुठं पडलंय, ते आधी बघा.

आता मला हातानं खुणा होतायत, म्हणजे वेळ संपत आला. सातारा जिल्ह्यातल्या पालच्या खंडोबाच्या जत्रेतला फोटो राहिलाच. भंडाऱ्याच्या ढगात फक्त वर आलेले हात दिसतात, एवढंच सांगतो. पौषात जाणार असाल तर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घाला, लेन्सपुरतं भोक पाडा, रबर लावा. जत्रेत लेन्स बदलू नका. आणि घरी आल्यावर कॅमेरा ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी रबरी पंपानं फुंका, मग कोरड्या ब्रशनं झटका. हळद आहे ती. ओली झाली की काय होतं, ते नवरदेवाच्या बनियनला विचारा.

नमस्कार.