चोवीस तारखेची घाई

(दृश्य: बर्फाने झाकलेलं माळरान. दूरवर मातीचं बुटकं घर.)

अमेरिकेतलं नेब्रास्का, डिसेंबर १८७८. माळावर लाकूड मिळेना, म्हणून मुळांसकट कापलेल्या गवताळ ढेकळांची घरं. ख्रिस्ती ऐतिहासिक नाताळ-प्रेमकथेला अशी जागा फार मानवते. वादळ आलं की वाट बंद, आणि दोघांना एका छपराखाली आणायला लेखकाला फार खटपट करावी लागत नाही.

घोडं अडतं ते क्षमेपाशी. वर्षानुवर्षं धुमसणारा राग चोवीस तारखेच्या रात्री एक गीत ऐकून परिच्छेदभरात विरघळतो. असं होतं, कारण मुळात अपराधच मोघम असतो. ‘त्याने तिचं मन दुखावलं’ एवढ्यावर क्षमा उभी राहत नाही. काय हिरावलं, किती हिरावलं, परत देता येईल का, हे आधी ठरवावं लागतं.

(दृश्य: जमीन कार्यालयाचं टेबल, दौत, टाक.)

इथे १८६२ चा होमस्टेड कायदा कामाला येतो. वस्ती करून राहणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या अविवाहित बाईलाही स्वतःच्या नावावर अर्ज करता येई. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन विश्वासू साक्षीदार उभे करायचे. सलग सहा महिन्यांहून जास्त जमीन सोडली की हक्क धोक्यात.

समजा, नायिका आजारी आईकडे चार महिने राहून आली. नायकाने मात्र थोरल्या भावाच्या दडपणाखाली शपथेवर सांगितलं, की घर आठ महिने बंद होतं. निकाल अजून लागायचाय. आता अपराध मोजता येतो: १६० एकर आणि एक खोटी शपथ.

मग पश्चात्तापालाही काम मिळतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय नुसता हळहळत नाही, चौपट परत करीन म्हणतो. नायकानेही त्याच टेबलापुढे उभं राहून आपला खोटेपणा लिहून द्यावा, भाऊ तुटला तरी. आणि तोही ती माफ करेल याची खात्री नसताना.

तिची बाजू जास्त अवघड. त्याने कबुली दिली म्हणून तिने क्षमा केली, तर तो सौदा झाला. ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा कर असं सांगणारा प्रभू शिष्य पेत्राला हिशोबाची वही देत नव्हता. म्हणून कबुली कानावर येण्याआधीच तिची प्रार्थना सुरू व्हायला हवी; अडखळत, दोनदा अर्ध्यावर सोडून. शिवाय क्षमा केली म्हणजे विश्वास बसला असं नाही, आणि लग्न विश्वासावर ठरतं. ते नाताळच्या रात्रीत कोंबू नये. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत ३१ डिसेंबरला जागरणाची उपासना असे. तिथवर गोष्ट नेली तर आठवडा हाती येतो. फिरता पाळक पुन्हा कधी येणार, यावरही लग्नाची तारीख अवलंबून.

काळाच्या चुका बहुतेक सजावटीत सापडतात. झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले १८८२ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका घरात. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांचं वर्तुळ माळावरच्या मेथडिस्टांकडे तेव्हा नव्हतंच. ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे नाताळगीत बिनधास्त गाऊ द्यावं. आजची चाल १८७८ च्या बरीच आधीची आहे.

(दृश्य: लाकडी चर्च. मधोमध झाड, भोवती मुलं.)

झाड बहुधा घराघरात नसे, रविवारशाळेचं एकच असे. फांद्यांना तारेने बांधलेल्या मेणबत्त्या, आणि त्या जळत ठेवायच्या थोडाच वेळ, कारण सुकलेलं झाड क्षणात पेटतं. शेजारी पाण्याची बादली, आणि लांब काठीला ओला स्पंज बांधून कुणीतरी पहाऱ्याला.

यंदा ती काठी तिच्या हातात आहे. तो दाराशी, टोपी हातात घेऊन उभा. ती त्याच्याकडे बघत नाही. वरच्या फांदीवरची एक ज्योत वाकडी होते, तिचा हात पोहोचत नाही. ती मागे न वळता काठी त्याच्या दिशेने धरते.