पात्र आधी पायांत येते

(बेळगावातील हौशी रंगकर्मींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या विषयात नटाचा तोल, श्वास आणि हात या तिन्हींविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे. परंतु आधी पायांविषयी बोलू द्यावे, कारण आपल्या भागातील नाट्यस्पर्धा पाहताना मला सर्वाधिक खटकतात ते पायच. चेहरा शेतकऱ्याचा, बोली शेतकऱ्याची, आणि नट चालू लागला की गुळगुळीत फरशीवर वाढलेला मुलगा दिसतो.

हे मला शिकवले शहापूरच्या एका विणकराने. तरुणपणी मी एका नाटकात म्हातारा विणकर करीत होतो. पाठीत वाकलो, हात थरथरवले, आवाज घोगरा केला, टाळ्याही मिळाल्या. प्रयोगानंतर एक वृद्ध गृहस्थ रंगपटात आले आणि म्हणाले, “पोरा, तू पाठीनं म्हातारा होऊलास. आम्ही पायानं होतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी मागापाशी बसवले. खड्ड्याच्या मागावर विणकर काठावर बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर, असतात. उजव्या हाताने दोरी ओढून तो आडवा धागा नेणारा धोटा फेकतो, डाव्या हाताने तो धागा घट्ट बसवणारी फणी ठोकतो. पण पावडी दाबल्याशिवाय ताण्याचे उभे धागे उघडत नाहीत, म्हणून कामाची लय पायांकडे असते. उठताना त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकले, अंगाचा भार हातांवर घेतला, एकेक पाय वर काढला, आणि उभे राहिल्यावर, टाच नीट टेकली की नाही हे जणू विचारत, क्षणभर थांबले. तो थांबा मी पुढच्या प्रयोगात घेतला. पाठ जवळजवळ सरळ ठेवूनही म्हातारा उभा राहिला, आणि थरथर मी कायमची सोडली.

भरताने नाट्यशास्त्रात पात्रांच्या गतीला स्वतंत्र अध्याय दिला आहे. देव आणि राजे यांचे पाऊल चार ताल, मध्यम पात्रांचे दोन, स्त्रिया आणि हलक्या मानलेल्यांचे एक ताल, असे माप तेथे सांगितले आहे. हात ताणला असता अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचे अंतर म्हणजे एक ताल. ही उतरंड मला मान्य नाही, परंतु माणसाचे समाजातील स्थान त्याच्या पावलाच्या रुंदीत उतरते, हे निरीक्षण अचूक आहे. सावकाराच्या ओसरीवर जाणारे कुळ आणि आपल्या शेतात शिरणारे तेच कुळ, यांची पावले एकाच मापाची नसतात.

अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांनी उभारलेल्या नाटक मंडळीत १९०५ साली नारायण राजहंस म्हणजे बालगंधर्व दाखल झाले. त्यांच्या गळ्याविषयी आपण भरभरून बोलतो. पण लुगड्यातले चालणे, वळणे आणि बसणे पेलल्यावाचून पुरुषाने केलेली नायिका प्रेक्षकांनी स्वीकारली नसती, हे आपण क्वचितच बोलतो.

संयोजकांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. तोल म्हणजे अंगाचा भार कोठे आहे ते: भिणाऱ्याचा भार टाचांवर मागे सरकतो, हट्टी माणसाचा चवड्यांवर पुढे येतो. श्वास वाक्याच्या आधी बदलावा. वाईट बातमी ऐकणारा आधी श्वास रोखतो आणि मग शब्द शोधतो. हातांना काम द्यावे, हावभाव नव्हे. सुपारी कातरणारा हात थांबला की तेच उत्तर होते. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीनेही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत शारीरिक कृतीवरच भर दिला होता.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपल्याकडे वीस दिवस खुर्चीत बसून संहिता वाचतात आणि पात्राच्या वहाणा रंगीत तालमीच्या रात्री येतात. त्या वहाणा पहिल्या दिवशी आणा. करकरणारे पायताण असेल, तर ते घालूनच पहिले वाचन करा, आणि ते पायताण तुमच्या वाक्याला कोठे थांबवते, ते टिपून ठेवा.