आसाफाला वाटलेला हेवा

बंधुभगिनींनो, संपत्तीबद्दल बोलायचं म्हटलं की आपण थेट शुभवर्तमानातल्या त्या श्रीमंत तरुणाकडे जातो, जो संपत्ती सोडवेना म्हणून येशूपासून खिन्न होऊन निघून गेला. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे सगळं पाठ असतं. तो उतारा ऐकताना बहुतेकांच्या जिवाला घोर लागत नाही, कारण आपण काही तेवढे श्रीमंत नाही! म्हणून आज ज्याच्याकडे नाही त्याच्याबद्दल बोलू या. खिशात नसलेला पैसासुद्धा माणसाला देवापासून लांब नेतो.

बायबलमधलं स्तोत्र ७३ उघडा. हे आसाफाच्या नावावर आहे, आणि आसाफ काही लांब उभा राहून बोट दाखवणारा माणूस नव्हे. दावीद राजाने कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेल्या पवित्र पेटीपुढे, सेवेला जे लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले लोक) नेमले त्यांचा हा प्रमुख. झांजा वाजवायचा. १ इतिहास १६ मध्ये हे सगळं आहे. त्याच्या नावावर १२ स्तोत्रं आहेत. असा उपासनेत मुरलेला माणूस कबूल करतो, की माझा पाय घसरता घसरता राहिला. का? तर दुर्जनांची भरभराट बघून मला हेवा वाटला.

पुढची वचनं जरा सावकाश वाचा. त्यांची अंगं कशी धष्टपुष्ट आहेत, गर्व गळ्यात हारासारखा कसा मिरवतायत, डोळे चरबीने कसे पुढे आलेत. किती बारीक नजर आहे बघा! एवढं निरखून आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाही बघत नाही. आणि इतकं बघूनही ५ व्या वचनात तो म्हणतो काय, तर इतरांना असतात तसे क्लेश यांना नाहीत. हे त्याला कुणी सांगितलं? त्यांच्या घरात रात्री काय चालतं, ते त्याला कुठे दिसत होतं? आपलंही तेच. मित्राच्या नव्या घराचे फोटो येतात. आपण ‘अभिनंदन’ टाइप करतो, आणि मग तोच फोटो दोन बोटांनी मोठा करून पडद्यांपासून फरशीपर्यंत सगळं न्याहाळतो. कर्जाचे हप्ते फोटोत दिसत नाहीत.

खरं दुखणं मात्र १३ व्या वचनात बाहेर पडतं. मी आपलं मन उगाच शुद्ध राखलं, हात उगाच स्वच्छ ठेवले. ही तक्रार श्रीमंतांबद्दल आहे का? नाही, ही देवाबद्दल आहे. मी माझ्या बाजूने सगळं केलं, तुझ्या बाजूचं काय? मत्तय २० मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातले सकाळपासून राबलेले मजूर हेच बोलतात. त्यांना ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली होती, एक पैसा कमी नाही. पण शेवटच्या तासाला आलेल्यांच्या हातात तेवढीच पडली, आणि ते द्राक्षमळ्याच्या धन्यावर कुरकुरू लागले.

‘विश्वास ठेवा, भरभराट होईल’ हा उपदेश मला याच कारणासाठी घातक वाटतो. तो आसाफाचं दुखणं बरं करत नाही, उलट त्याच्या हिशेबावर शिक्का मारतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. अन्याय दिसला तर तो बोलायचाच. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते. ‘हेवा करू नका’ हे वाक्य नाडलेल्या माणसाच्या तोंडावर फेकायला कुणी वापरत असेल, तर ते वचनाशी इमान नाही.

मग आसाफ सावरला कसा? १७ व्या वचनात तो पवित्रस्थानात गेला आणि त्यांचा शेवट त्याला कळला. पुष्कळ प्रवचनं इथेच थांबतात. ते निसरड्या जागी उभे आहेत, पडतील, तू धीर धर. मला हे अपुरं वाटतं. शेजारी पडेल या आशेवर मिळालेली शांती म्हणजे कुशीवर वळलेला हेवाच. आसाफही तिथे थांबत नाही. त्यांचं पडणं सांगून झाल्यावर तो एकदम स्वतःकडे वळतो आणि म्हणतो, मी तुझ्यापुढे पशूसारखा होतो. आणि लगेच पुढे, तरी मी सतत तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस. हात आत्ता धरला, असं तो म्हणत नाही. हेव्याने जळत होता तेव्हाही हात धरलेलाच होता.

लूक १५ मधला थोरला भाऊ आठवा. आपला वाटा उधळून धाकटा घरी परतला, बापाने मेजवानी दिली, आणि थोरला रागावून म्हणतो, धाकट्यासाठी पोसलेलं वासरू कापलं, आणि मला मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा नाही. बाप त्याला करडू देऊ करत नाही. तू नेहमी माझ्याजवळ आहेस, म्हणतो, आणि माझं ते सगळं तुझंच आहे. थोरल्याच्या हिशेबात बापाचं जवळ असणं जमेच्या बाजूला कधी मांडलंच गेलं नव्हतं. आसाफाच्या हिशेबात ते २५ व्या वचनात येतं, तुझ्याशिवाय स्वर्गात मला कोण आहे? आणि मग पृथ्वीवरही त्याला दुसरं काही हवंसं वाटत नाही.

त्याची परिस्थिती बदलली का, हे स्तोत्र सांगत नाही. श्रीमंत होते तिथेच असावेत, आणि आसाफ झांजांपाशी. एक बदल मात्र ठळक दिसतो. १५ व्या वचनात तो तोंड मिटून बसला होता. मनातलं बोललो तर देवाच्या लेकरांचा घात होईल, ही भीती होती. शेवटच्या वचनात, देवाजवळ असण्यातच माझं भलं आहे, एवढं म्हणून झाल्यावर त्याला बोलायचं आहे, देवाची सगळी कृत्यं लोकांना सांगायची आहेत.