लाइन क्लिअर

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात मुलीकडे दिल्लीला जायचं म्हणून मी पुण्याहून विमान धरलं. दारं लागली, पट्टे बांधून झाले, विमान डुलत डुलत निघालं आणि थोडं पुढं जाऊन उभं राहिलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. शेजारचे गृहस्थ कराडचे निघाले. घड्याळाकडं बघत म्हणाले, "काय हो, आपली एसटीसुद्धा एवढा वेळ लावत नाही." मला मात्र बरं वाटत होतं. मी रेल्वेतला माणूस. पुणे-मिरज लाइन एकेरी होती त्या काळात तिथल्या लहानमोठ्या स्टेशनांवर मास्तरकी केली. गाडी उभी आहे म्हणजे कुणीतरी जागं आहे, असं आमचं साधं गणित.

तरुण श्रोत्यांना कदाचित ठाऊक नसेल. दोन स्टेशनं आणि मध्ये एकच रूळ. पलीकडच्या मास्तरनं 'लाइन क्लिअर' दिली, की यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर यायचा. तो गोळा पिशवीत, पिशवी वेताच्या रिंगला, आणि रिंग ड्रायव्हरच्या हातात. गोळा हातात नाही तर गाडी हलणार नाही, मग मास्तर कितीही ओरडो.

त्या गोळ्यानं मला एकदा वाचवलंय. स्टेशनचं नाव सांगत नाही. रात्रीची वेळ, बाहेर कृष्णाकाठचं धुकं. कंट्रोलच्या फोनवर पलीकडून कुणीतरी विचारलं, "जेवण झालं का?" मी म्हणालो, "हो हो, झालं." दारात उभ्या असलेल्या पॉइंट्समनला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या माणसाला, वाटलं, लाइन क्लिअर झाली. त्यानं जाऊन हिरवा दिवा हलवला. ड्रायव्हर जुना, खवट माणूस. इंजिनातनं वाकून म्हणाला, "दिवा राहू दे, गोळा कुठाय?" गोळा यंत्रातच होता, आणि समोरून मालगाडी निघालेली होती.

विमानांच्या जगात हा गोळा नाही. तिथं परवानगी मिळते ती रेडिओवरच्या शब्दांनी. जमिनीवरचे बहुतेक मोठे अपघात वाचताना मला तो फोनच आठवतो.

27 मार्च 1977. स्पेनच्या ताब्यातलं टेनेरीफ बेट, लॉस रोडेओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं इकडं वळवलेली. जागा इतकी कमी, की टॅक्सीवेवरही विमानं उभी. टॅक्सीवे म्हणजे धावपट्टीकडं जायचा बाजूचा रस्ता. तो अडलेला, म्हणून दोन जम्बो जेट धावपट्टीवरूनच चालत निघाली. पुढं केएलएम या डच कंपनीचं, मागं अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमचं. केएलएमनं टोकाला जाऊन तोंड फिरवायचं आणि पॅन अ‍ॅमनं तिसऱ्या फाट्यानं बाहेर पडायचं, असं ठरलं. पण ढग जमिनीवर उतरलेले. तिसरा फाटा पॅन अ‍ॅमच्या मागं राहून गेला आणि ते चौथ्याकडं निघाले.

इकडं केएलएमच्या वैमानिकाला उडाल्यावर कोणत्या मार्गानं जायचं ते सांगितलं होतं, उडायला सांगितलं नव्हतं. सहवैमानिक रेडिओवर बोलला, "वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ." टॉवरला, म्हणजे विमानतळावरून विमानांना परवानगी देणाऱ्या माणसाला, वाटलं, टेक-ऑफच्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात ते धावायला लागले होते. टॉवरनं 'ओके' म्हटलं आणि लगेच पुढं म्हटलं, थांबा, मी सांगतो. नेमकं त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाले बोलले, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकावर एक आले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर ऐकू गेली ती शिट्टीसारखी कर्कश घरघर. त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलंही होतं, ते पॅन अ‍ॅम बाजूला झालं नाही का? कप्तान म्हणाला, झालं की. 583 माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात अपघातात एवढी माणसं आजवर दुसरीकडं कुठं गेलेली नाहीत, आणि हा अपघात आकाशात नव्हे, जमिनीवर झाला.

त्यानंतर बोलण्याचे नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द टॉवरनं उच्चारायचा तो परवानगी देताना किंवा ती रद्द करताना. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. धावपट्टीबाहेर थांबायला सांगितलं, तर वैमानिकानं नुसतं 'रॉजर', म्हणजे 'ऐकलं', म्हणून भागत नाही, ते शब्द पुन्हा म्हणून दाखवावे लागतात. आमच्याकडं यंत्र बिघडलं की दोन मास्तर फोनवर एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे परवानगीची खूण म्हणून एक आकडा, द्यायचे आणि वहीत लिहायचे, त्यातलीच ही जात. नवी पोरं हसायची. मी त्यांना हसू द्यायचो, पण नंबर लिहून घ्यायचो.

शब्द तरीही निसटतात. 2 जानेवारी 2024, टोकियोचं हानेडा. आदल्या दिवशी नोतो भागात भूकंप झालेला, तिकडं मदत घेऊन निघालेलं तटरक्षक दलाचं विमान. टॉवर म्हणाला, तुमचा नंबर पहिला, धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत या. 'पहिला' एवढंच कप्तानाच्या डोक्यात बसलं असावं. ते धावपट्टीवर जाऊन उभे राहिले, सुमारे चाळीस सेकंद, आणि वरून जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं. त्यातले 379 जण पेटत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच दगावले. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत लाल दिव्यांची एक ओळ असते, तिला स्टॉप बार म्हणतात. लाल दिसलं की पुढं जायचं नाही. आमच्या गोळ्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटते. त्या रात्री ती ओळ दुरुस्तीसाठी बंद होती.

दुसरी चूक शब्दांची नसते, जागेची असते. आपण बरोबर ठिकाणी आहोत अशी एकदा खात्री झाली, की माणूस पुन्हा बघत नाही. रात्री विश्रामबागेहून घरी येणारा माणूस पाट्या वाचतो का? ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला हेच झालं. पहाटेचा अंधार. जायचं होतं 22 नंबरच्या, सुमारे 7000 फुटांच्या धावपट्टीवर. विमान वळलं 26 नंबरच्या पट्टीवर, जी निम्मीच लांब. हे आकडे म्हणजे दिशा असते: होकायंत्रावर 270 अंश, म्हणजे सरळ पश्चिम, तर धावपट्टी 27. पुण्याची 10 आणि 28, एकाच पट्टीची दोन टोकं. म्हणजे लेक्सिंग्टनला समोरचं होकायंत्र ही चूक दाखवत होतं. पट्टीवर दिवेही नव्हते. एक वैमानिक म्हणाला, दिवे नाहीत, विचित्रच आहे. दुसरा हो म्हणाला, आणि विमान धावतच राहिलं. 50 जणांतला एक वाचला.

आपल्या मुंबईत तर विमान चुकून भलत्याच विमानतळावर उतरलंय. सांताक्रूझ आणि जुहू जवळजवळ, दोन्हीकडच्या मुख्य पट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. 1953 मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. 1972 मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 विमानानं तेच केलं आणि ते पट्टी संपून पुढं गेलं. जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र निकामी झालं.

आणि पुण्याचंच सांगायचं तर फेब्रुवारी 2020 मध्ये एक एअरबस वेगात धावत असताना वैमानिकाला पुढं पट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्यानं विमान वेळेआधीच उचललं. शेपटीकडचा भाग घासला, पण विमान दिल्लीला नीट पोचलं. एकाच पट्टीवरून लष्कराची आणि नागरी विमानं जातात, त्या जागेची ही गोष्ट.

तर आमचं विमान उभं होतं. खिडकीतून कडेला निळे दिवे दिसत होते, म्हणजे आम्ही अजून टॅक्सीवेवर. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे असतात. थोड्या अंतरावर लाल पाटी, तिच्यावर पांढरे आकडे. पलीकडून मोठी गर्जना झाली, एक लढाऊ विमान उतरलं, मागोमाग दुसरं. त्यानंतरही आम्ही मिनिटभर थांबलो. मग विमान हललं आणि पंखाखालून चार पिवळ्या रेघा सरकल्या, आधी दोन सलग, मग दोन तुटक. म्हणजे आता आम्ही धावपट्टीवर. माझा हात सवयीनं खिशाकडं गेला, हिरवं निशाण तिथंच असायचं.

कराडचे गृहस्थ एव्हाना घोरत होते.