एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय? आधी रजा मोजा

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत, गेलात तर भरलेल्या सॅका पाठीला लावून चढणारी मंडळी दिसतात, कुणाच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या चक्क तांदळाची पिशवी, आणि विचारलंत तर त्यातलं कुणीतरी हमखास सांगणार की बेस कॅम्पला चाललोय. बघून फार बरं वाटतं. सह्याद्रीनं आपल्या लोकांना पाय दिलेत, दम दिलाय, त्यात वादच नाही. पण आपलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे कळसूबाई, ते १६४६ मीटर, आणि बेस कॅम्पचा ट्रेक जिथून सुरू होतो ते लुक्ला गावच २८०० मीटरच्या वर आहे. म्हणजे पहिलं पाऊल टाकतानाच आपण कळसूबाईच्या हजारभर मीटर वर असतो.

बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही जवळपास निम्माच. मग शरीर काय करतं, तर भराभर श्वास घ्यायला लागतं, त्यानं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातला आम्लाचा समतोल ढळतो आणि तो जाग्यावर आणायचं काम किडन्यांवर येतं. त्या हे काम सावकाश करतात, काही दिवस घेतात. तुम्ही मॅरेथॉन पळणारे असलात तरी तेवढे दिवस लागतातच. उलट दमदार तरुण पोरं भराभर पुढे जातात आणि त्यांनाच जास्त त्रास होतो, असंही होतं.

म्हणून तयारीची सुरुवात बुटांपासून नको, रजेच्या अर्जापासून करा.

साधा नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात थांबायचं. नामचे बाजार ३४४० मीटरवर, तिथे एक जादा रात्र. डिंगबोचे ४४१० मीटरवर, तिथे अजून एक. आता नामचेचा हा थांबायचा दिवस म्हणजे लॉजमध्ये पांघरूण घेऊन पडायचा दिवस नव्हे बरं का. सकाळी गावामागचा खडा चढ चढून स्यांगबोचेच्या माळावर जायचं, ३८०० मीटरच्या आसपास, हवा स्वच्छ असेल तर तिथून एव्हरेस्ट, ल्होत्से, आमा दब्लम समोर दिसतात, घटकाभर थांबायचं, आणि जेवायला परत खाली. चढायचं उंच, झोपायचं खाली. आयटिनररी बघताना पहिलं हेच तपासा, आणि कुणी 'फास्ट पॅकेज' म्हणून हे दोन दिवस कापले असतील तर कितीही स्वस्त असू दे, नको म्हणा.

शिवाय लुक्लाचं विमान. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि उतरती, ढग आले की विमानं बंद. सीझनला बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, म्हणजे तिथवर पोचायला मध्यरात्रीच काठमांडूहून गाडीत बसायचं. परतीचं मुंबईचं तिकीट काढताना मधे दोन दिवस मोकळे सोडा, सोडाच. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड, आधारच्या भरवशावर निघू नका.

व्यायाम तीन-चार महिने आधीपासून. जिना, टेकडी, जमेल ते, पण पाठीवर वजन घेऊन, आणि उतरायचीही सवय करा कारण गुडघे उतारावर बोलतात. बूट नवे घेतलेत तर ते आधी इथेच, आपल्याच गडांवर, भरपूर वापरून घ्या.

सामान घरीच काट्यावर ठेवा, लुक्लाच्या विमानात साधारण १५ किलोच चालतं. डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत ठमेलला भाड्यानं मिळतात, विकत घ्यायलाच हवं असं नाही. रात्री मोबाईल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी झपाझप उतरते. पोर्टर करणार असाल तर त्याच्या पाठीवर किती ओझं जाणार, त्याचा विमा आहे का, त्याच्याकडे धड बूट आणि गरम कपडे आहेत का, हे एजन्सीला आधीच विचारा. तोही माणूसच आहे, त्यालाही उंची लागते.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. इन्शुरन्स काढताना ५५०० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू कव्हर होतंय का, हे पॉलिसीत स्वतः वाचा.

आणि ग्रुपची शेवटची मीटिंग असेल ना, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांसमोर ठरवून टाका. वर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, जेवण जाईना, तर लपवायचं नाही, त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असो की पहाट, लगेच खाली. एकट्याला पाठवायचं नाही. डिंगबोचेच्या वर लोबुचेच्या मुक्कामी असं झालं तर फेरिचे गाव पाच-सहाशे मीटर खाली आहे, तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र १९७३ पासून ट्रेकिंगच्या सीझनमध्ये चालतं. तर कुणाला उतरावं लागलं तर सोबत कोण उतरणार, त्याचं नाव त्या मीटिंगमध्येच लिहून ठेवा, आणि त्याच्यासाठी दुसरा पर्यायही.