बिल स्टेप यांची दौड

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी 'बोनापार्ट्स रिट्रीट', म्हणजे 'बोनापार्टची माघार', या अमेरिकी फिडलच्या धुनेविषयी बोलणार आहे. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत तेवढी निराळी. नेपोलियनच्या नावाची ही धून जुने वादक बहुधा संथ लयीत, थकलेल्या सैन्याच्या चालीने वाजवत. त्यासाठी खालची तार उतरवून घेतात, आणि ती तानपुऱ्याच्या खर्जासारखी अखंड गुंजत राहते. धून मुळात संथ वाजे, एवढे कृपया ध्यानात ठेवावे.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये २२ वर्षांचे ॲलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत ध्वनिमुद्रित करत, केंटकीतील सॅल्यर्सव्हिल या गावी पोहोचले. तेथे साठी ओलांडलेल्या विल्यम हॅमिल्टन स्टेप यांनी फिडल हाती घेतले, आणि 'माघार' नावाची ती संथ धून चौखूर दौडू लागली. गज क्षणभरही विसावत नाही, आणि खालचा खर्ज मात्र ढळत नाही. ही दौड धुनेची नव्हती, ती स्टेप यांची होती.

ती तबकडी पुढे रूथ क्रॉफर्ड सीगर यांच्याकडे आली. स्वतः आधुनिक संगीताच्या रचनाकार असलेल्या या बाईंनी ती पुन्हा पुन्हा ऐकून गजाच्या प्रत्येक वळणासह स्वरलिपीत उतरवली, आणि १९४१ मध्ये 'अवर सिंगिंग कंट्री' या संग्रहात ती छापून आली. स्वरलेखन करणाऱ्याला आपल्याकडेही नुसता लेखनिक समजतात, याचे मला फार वाईट वाटते. असा तयार कान रियाजावाचून येत नाही.

त्या छापील पानांवरून संगीतकार ॲरन कोपलंड यांनी स्टेप यांचे वादन जवळजवळ जसेच्या तसे उचलले. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांचे 'रोडिओ' हे बॅले रंगमंचावर आले. त्यातील 'हो-डाउन' या भागात वाद्यवृंद आधी फिडलच्या तारा लावल्याचा भास निर्माण करतो, आणि मग तीच दौड सुरू होते. जगाने ती कोपलंड यांची म्हणून ओळखली; ती स्टेप यांची होती, हे मी पुन्हा सांगतो. स्टेप त्यानंतर १५ वर्षे जगले.

आता त्यांचे १९३७ चे मूळ वादन ऐकू या. खालच्या तारेकडे लक्ष असू द्यावे.